पावसाचा हिशेब धरून परसबाग: बेळगाव भागात फुले, भाज्या आणि घरगुती औषधी वनस्पती कशा लावाव्यात

मृगाचा पाऊस सुरू झाला की बेळगावातल्या रोपवाटिकांत पाय ठेवायला जागा उरत नाही. टोमॅटो, मिरची, वांगी, गुलाब, शेवंती अशी पिशव्यांतली रोपे दुचाकीच्या पुढ्यात ठेवून माणसे मोठ्या हौसेने घरी नेतात आणि श्रावण लागेपर्यंत त्यांतली निम्मी कुजून गेलेली असतात. मीही चार-पाच वर्षे हेच केले आणि दर वर्षी दोष कधी रोपांना, कधी खताला, तर कधी स्वतःच्या हाताला दिला. खरे कारण इतकेच होते की आमच्याकडे भाजीपाल्याची बाग जूनमध्ये सुरू करायची नसते. तिची तयारी मे महिन्यात मातीपासून होते, पावसाळ्यात निवडक गोष्टीच लावायच्या असतात आणि पालेभाज्या, टोमॅटो, वांगी यांचा खरा हंगाम गणपती विसर्जनानंतर उघडतो.

बेळगाव शहर समुद्रसपाटीपासून साधारण 750 मीटर उंचीवर आहे आणि येथे वर्षाला सुमारे 1200 ते 1300 मिलिमीटर पाऊस पडतो. त्यातला बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो आणि जुलै सर्वांत ओला असतो. मलप्रभा जिथे उगम पावते त्या कणकुंबीच्या बाजूला, म्हणजे खानापूर तालुक्याच्या घाटमाथ्यावर, पाऊस याच्या कितीतरी पट असतो, तर पूर्वेला अथणीकडे तो निम्म्याच्या आसपास येतो. एकाच जिल्ह्यात इतका फरक असल्यामुळे पुढचे सर्व सांगणे बेळगाव आणि त्याच्या आसपासच्या गावांना धरून आहे. खानापूरकरांनी यातली निचऱ्याची काळजी दुप्पट घ्यावी, आणि चिकोडी-अथणीकडच्यांनी पावसाळी लागवडीबाबतची माझी भीती निम्मी करून वाचावी.

घरी काय लावावे आणि काय बाजारातून आणावे

आधी एक खरी गोष्ट कबूल करावी. कडोलीसारख्या गावांतून येणारी ताजी भाजी आपल्या बाजारात इतकी मुबलक असते की ती गोव्यापर्यंत जाते. अशा ठिकाणी घरच्या कुंडीत कोबी किंवा बटाटा पिकवून पैसे वाचतील हा समज मनातून काढून टाकावा. कोबीचा एक गड्डा तीन महिने कुंडी अडवून बसतो आणि शेवटी अळ्यांशी वाटणी करून हाती येतो.

घरी लावायच्या त्या अशा गोष्टी, ज्या तोडल्यापासून तासाभरात वापरल्या तरच त्यांची चव कळते, किंवा ज्या बाजारात सहजी मिळत नाहीत. कढीपत्ता, कोथिंबीर, पुदिना, गवती चहा, पानओवा, नागपंचमीच्या पातोळ्यांसाठी हळदीची पाने, आबईच्या शेंगा, तोंडली, अंबाडी, अळू, रोजच्या पूजेची जास्वंद आणि डोक्यात माळायची अबोली यांना घरच्या जागेत पहिला मान द्यावा. दोडका, दुधी, कारली हे वेल थोड्या जागेत पुष्कळ देतात, म्हणून त्यांचा क्रम दुसरा. टोमॅटो, वांगी, मिरची तिसऱ्या क्रमावर येतात, कारण त्यांना देखरेख फार लागते. तरीही घरच्या झाडावर पिकलेला टोमॅटो एकदा खाल्ला की माणूस पुन्हा दर वर्षी ती उठाठेव करतोच.

ऊन, छप्पर आणि पागोळ्या

जागा ठरवताना बहुतेक लोक एकाच दिवशी ऊन पाहून निर्णय घेतात आणि येथे चुकतात. बेळगाव सुमारे 16 अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेकडे असतो. त्यामुळे घराच्या उत्तरेकडच्या बोळाला उन्हाळ्यात आणि पावसाच्या उघडिपीत चांगले ऊन मिळते, परंतु डिसेंबरात सूर्य दक्षिणेला कलला की तोच बोळ दिवसभर सावलीत जातो. मे महिन्यात उन्हाने तापलेली उत्तरेची पट्टी पाहून तिथे हिवाळी टोमॅटो लावले, तर झाडे उंच आणि पातळ वाढतील, पण फळ धरणार नाहीत. हिवाळी भाज्या घराच्या दक्षिणेला किंवा पूर्वेला असाव्यात आणि फळभाज्यांना किमान सहा तास ऊन मिळावे. पालेभाज्यांचे चार तासांत भागते. हळद, आले, अळू आणि पुदिना यांना विरळ सावलीही चालते.

शहापूर, वडगाव, अनगोळ भागातल्या जुन्या घरांना अजून मंगळुरी कौले आहेत. कौलारू छपराच्या पागोळ्या जिथे पडतात, तिथे जुलैमध्ये जमिनीत रांगेने खळगे पडतात आणि त्या रेषेत लावलेले कोणतेही कोवळे रोप आठवड्याभरात उघडे पडते. ती दीड-दोन फुटांची पट्टी भाज्यांसाठी सोडून द्यावी आणि तिथे अळू, कर्दळ किंवा सोनटक्का लावावा. पाण्याचा मारा त्यांना सोसतो आणि जमिनीची धूपही थांबते.

गच्चीवर बाग करणाऱ्यांनी वजनाचा विचार आधी करावा. एक घनफूट ओल्या मातीचे वजन साधारण 45 ते 50 किलो भरते, म्हणजे तीन फूट लांब, दोन फूट रुंद आणि एक फूट खोल वाफ्याचे ओझे पावसाळ्यात पावणेतीनशे किलोंच्या पुढे जाते. असे वाफे स्लॅबच्या मध्यभागी करू नयेत. ते भिंतींच्या आणि तुळयांच्या वर, कडेकडेने ठेवावेत, आणि कुंड्या विटांवर उचलून ठेवाव्यात, म्हणजे खाली पाणी साचून गच्ची झिरपणार नाही. घर जुने असेल तर इमारतीच्या जाणकाराला विचारल्याशिवाय गच्चीवर मातीची एकही टोपली चढवू नये.

माती: तांबडी, काळी आणि विकत आणलेली

बेळगावपासून पश्चिमेकडे जांभ्याची तांबडी माती आहे. ती पाणी लवकर सोडते, पण आम्लधर्मी असते, आणि तिच्यातले लोह व ॲल्युमिनियम स्फुरद (फॉस्फरस) धरून ठेवत असल्यामुळे खत घालूनही झाडाला ते पुरेसे मिळत नाही. पूर्वेकडे बैलहोंगल, अथणी या भागांत काळी माती आहे. ती सकस असते, पावसात चिकट होते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. दोन्ही मातींवरचा पहिला उपाय मात्र एकच आहे आणि तो म्हणजे भरपूर कुजलेले खत. तांबड्या मातीत ते ओल धरते, काळ्या मातीत ते हवा खेळवते.

मे महिन्यात, वळवाचा एखादा पाऊस होऊन जमीन मऊ झाली की, वाफ्याची जागा एक फूट खोल खणावी. ढेकळे आठ-दहा दिवस उन्हात तापू द्यावीत. माती तांबडी असेल आणि माती परीक्षणात आम्लता जास्त निघाली, तर तीन फूट रुंद व सहा फूट लांब वाफ्याला साधारण 250 ग्रॅम शेतीचा चुना मिसळावा आणि त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनीच शेणखत घालावे, कारण दोन्ही एकदम घातल्यास खतातले नत्र (नायट्रोजन) उडून जाते. आपल्या जिल्ह्यात बैलहोंगल तालुक्यातील मत्तीकोप्प येथे कृषी विज्ञान केंद्र आहे आणि धारवाडचे कृषी विज्ञान विद्यापीठही फार दूर नाही. मातीचा नमुना देताना तो बागेच्या चार-पाच ठिकाणांहून सहा इंच खोलीपर्यंतचा घ्यावा, एकत्र करावा आणि सावलीत वाळवून द्यावा.

निचरा पाहण्यासाठी कोणत्याही यंत्राची गरज नाही. एक फूट लांब-रुंद-खोल खड्डा काढून तो पाण्याने भरावा, पाणी जिरले की पुन्हा भरावा आणि दुसऱ्या वेळी किती वेळ लागतो ते पाहावे. चार तासांनंतरही पाणी उभे असेल तर तिथे सपाट वाफा चालणार नाही. आजूबाजूच्या जमिनीपेक्षा आठ-दहा इंच उंच गादीवाफा करावा लागेल आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी पाणी वाहून नेणारी सरी काढावी लागेल.

कुंड्यांसाठी मी दोन भाग तांबडी माती, एक भाग कुजलेले शेणखत किंवा गांडूळ खत आणि एक भाग भाताचे तूस जाळून केलेली काळी राख असे मिश्रण वापरतो आणि दहा किलो मिश्रणाला दोन मुठी निंबोळी पेंड घालतो. आपल्याकडे भाताच्या गिरण्या असल्यामुळे तूस मिळायला अडचण पडत नाही. बाजारात मिळणारा कोकोपीट उन्हाळ्यात चांगला असतो, परंतु जुलैमध्ये तो स्पंजासारखा पाणी धरून बसतो आणि मुळे गुदमरतात.

शेणखत विकत घेताना मात्र डोळे उघडे ठेवावेत. एका वर्षी एकाने मला ट्रॉलीभर खत आणून टाकले, वरचा थर काळा आणि भुसभुशीत होता, पण आतले शेण अर्धे कच्चे होते. महिनाभरात त्यातून हुमणीच्या पांढऱ्या, वाकड्या अळ्या निघाल्या आणि त्यांनी अबोलीची मुळे अशी साफ केली की झाड हाताने उचलले तरी वर यायचे. तेव्हापासून मी खताच्या ढिगात कोपरापर्यंत हात घालून पाहतो. आत ऊब लागली किंवा शेणाचा वास आला तर ते खत त्या वर्षी वापरायचे नाही. विकतच्या मातीतही लव्हाळ्याच्या गाठी असतात आणि एकदा लव्हाळा वाफ्यात शिरला की तो आपल्या नातवंडांनाही पुरतो, म्हणून माती चाळून घ्यावी.

मे ते ऑगस्ट: वेल, कंद आणि फांद्या

अक्षय तृतीयेला आळी करून वेलांचे बी टाकण्याची जुनी रीत आहे आणि ती आपल्या पावसाला अगदी बरोबर बसते. त्या सुमारास टाकलेले बी वळवाच्या पाण्यावर आणि आपल्या झारीवर उगवते, मृग येईपर्यंत वेल मांडवाला हात लावतो, आणि जुलैच्या झडीत तो जमिनीपासून वर, वाऱ्यावर असतो. तेच बी जूनच्या मध्याला टाकले तर चिखलात कुजते किंवा कोवळा कोंब गोगलगायी खातात. दीड फूट रुंद आणि एक फूट खोल आळे करून त्यात दोन घमेली खत मिसळावे, माती आजूबाजूपेक्षा थोडी उंच ठेवावी, आणि रात्रभर भिजवलेल्या चार बिया टाकून पुढे त्यांतले जोमदार दोनच वेल राखावेत.

झडीच्या दिवसांत वेलाला फुले भरपूर येतात आणि तरी फळे पिवळी पडून गळतात, तेव्हा लोक खत वाढवतात. खरे तर पावसात मधमाश्या आणि पतंग फिरत नाहीत, म्हणून परागीभवन होत नाही. हे काम हाताने करता येते. मादी फुलाच्या मागे देठापाशी बोटभर लहानसे फळ असते, नर फुलाचा देठ नुसताच असतो. ताजे उमललेले नर फूल तोडावे, त्याच्या पाकळ्या हळूच मागे ओढून काढाव्यात, म्हणजे मधला पिवळा पराग उघडा होतो. तो मादी फुलाच्या मधल्या चिकट भागावर सर्व बाजूंनी अलगद फिरवावा. एक नर फूल दोन-तीन मादी फुलांना पुरते. मात्र वेळ साधावी लागते, कारण दोडका आणि दुधी संध्याकाळी उमलतात, तर कारली, काकडी आणि भोपळा सकाळी. सकाळी आठ वाजता दोडक्याच्या वेलाखाली उभे राहून कोमेजलेली फुले पाहत मी एक अख्खा आषाढ घालवला आहे. परागीभवन झालेल्या फुलावर पाऊस पडणार असेल तर कागदाची छोटी टोपी घालून ठेवावी. दोन दिवसांत मागचे फळ तजेलदार हिरवे राहिले आणि देठ वाकून खाली आला की काम साधले असे समजावे.

हळद आणि आले मे अखेरीस लावावे. दोन डोळे असलेला कंदाचा तुकडा दोन-तीन इंच खोल आणि एक फूट अंतरावर लावला की नागपंचमीपर्यंत हळदीची पाने पातोळ्यांना पुरण्याइतकी रुंद होतात, आणि पाने पिवळी पडून सुकल्यावर फेब्रुवारी-मार्चमध्ये हळद खणता येते. आले त्याहून नाजूक असते. पाणी साचले की त्याला कंदकूज होते आणि सगळे आळे एकदम बसते, म्हणून आल्यासाठी उंच गादीवाफा किंवा उथळ, रुंद कुंडीच बरी.

जून-जुलैमध्ये आणखी एक काम निर्धास्तपणे करता येते आणि ते म्हणजे फांद्यांपासून रोपे करणे. जास्वंद, मोगरा, जाई, तोंडली यांच्या पेन्सिलीएवढ्या जाड, वीतभर लांब फांद्या डोळ्याखाली तिरक्या कापून पडवीत ठेवलेल्या ओल्या वाळूत खोचाव्यात. वर्षातल्या दुसऱ्या कोणत्याही महिन्यात त्या इतक्या सहज फुटत नाहीत, आणि शेजाऱ्यांकडे फांदी मागायलाही पाऊस हेच चांगले निमित्त असते.

गणपतीनंतर

विसर्जन झाले, पावसाच्या दोन सरींमधले अंतर वाढले आणि सकाळी दव पडू लागले की पालेभाज्यांचे वाफे तयार करावेत. आपल्याकडचा हिवाळा मेथी, कोथिंबीर, पालक, मुळा, गाजर, बीट, नवलकोल आणि घेवडा या सगळ्यांना मानवतो. मेथी 25 ते 30 दिवसांत, पालक महिन्याभरात, मुळा 40 ते 45 दिवसांत आणि नवलकोल दोन महिन्यांच्या आत हाती येतो. सगळा वाफा एकाच दिवशी पेरू नये. दर दहा दिवसांनी दोन-दोन ओळी पेरल्या तर घरात रोज थोडी भाजी येते आणि एकदम दहा जुड्या शेजारी वाटण्याची वेळ येत नाही.

कोथिंबीर उगवत नाही ही तक्रार फार ऐकू येते. एका धण्यात दोन बिया असतात, म्हणून धणे पोळपाटावर लाटणे हलके फिरवून दोन फाकांत फोडावेत, आठ-दहा तास भिजवावेत, सावलीत थोडे कोरडे करावेत आणि अर्धा इंच खोल पेरावेत. उगवायला दहा ते चौदा दिवस लागतात आणि बहुतेकांचा धीर आठव्या दिवशी सुटतो. फेब्रुवारीनंतर ऊन वाढले की कोथिंबीर पाला धरण्याऐवजी लगेच फुलावर जाते. तो बियाण्याचा दोष नसतो.

टोमॅटो, वांगी आणि मिरचीची रोपे ऑगस्टच्या शेवटी आडोशाला ट्रेमध्ये करावीत आणि चार आठवड्यांची झाली की वाफ्यात हलवावीत. बेंगळुरूजवळच्या हेसरघट्टा येथील भारतीय बागवानी संशोधन संस्थेने काढलेला अर्का रक्षक हा टोमॅटो पाने आखडवणारा पर्णगुच्छ विषाणू, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा या तिन्ही रोगांना प्रतिकार करतो. तांबड्या मातीत जिथे मर रोगाने टोमॅटो टिकतच नाही तिथे तो लावून पाहण्यासारखा आहे. मिरचीत आपल्याच जिल्ह्यातल्या संकेश्वरची मिरची लावण्याचा आनंद वेगळा, पण तिचे झाड डिसेंबरनंतर सारखे पाणी मागते, म्हणून ती मोठ्या कुंडीत घ्यावी. टोमॅटोला लावतानाच काठी पुरावी, कारण नंतर पुरलेली काठी मुळे तोडते. फळाचा तळ काळा पडून बसू लागला, तर पाणी देण्यातला अनियमितपणा आणि त्यामुळे झाडाला न पोहोचणारा कॅल्शियम हे त्याचे कारण असते. पाणी रोज ठरल्या वेळी द्यावे, पुढची फळे नीट येतात.

फुले

दसऱ्याचा झेंडू घरचा हवा असेल तर दसऱ्यापासून उलटे तीन महिने मोजावेत. बी टाकल्यापासून झाड भरून फुलायला साधारण 80 ते 90 दिवस लागतात, म्हणजे पेरणी जुलैच्या पूर्वार्धात, ऐन झडीत येते. म्हणून रोपे पडवीत करावीत आणि पाऊस थोडा ओसरल्यावर उंच वाफ्यात लावावीत. गेल्या वर्षीचे तोरण वाळवून ठेवले असेल तर बी विकत घ्यायचे कारण नाही, एका फुलातून वाफाभर रोपे होतात. लावल्यानंतर तीन-चार आठवड्यांनी शेंडा खुडावा. फुले आठवडाभर उशिरा येतात, पण फांद्या दुपटीने फुटतात. खुडताना जीव तुटतो खरा.

शेवंतीची गोष्ट जरा सविस्तर सांगण्यासारखी आहे. माझ्याकडे एकाच आईपासून फुटलेल्या शेवंतीच्या दोन कुंड्या होत्या, एक मागच्या अंगणात आणि एक फाटकाजवळ. नोव्हेंबरात मागची कुंडी पिवळीधमक झाली आणि फाटकाजवळची मात्र गुडघाभर वाढूनही कळी धरेना. खत, पाणी, ऊन सगळे सारखेच होते. फरक एवढाच की फाटकावर रस्त्याचा दिवा रात्रभर जळत होता. शेवंती ही मोठी, अखंड अंधारी रात्र मिळाल्यावरच कळी धरते, आणि दिव्याच्या उजेडात तिला रात्र लांबल्याचे कळतच नाही. पुढच्या वर्षी सप्टेंबरच्या शेवटी कुंडी मागे हलवली आणि तिने फुलून दाखवले. म्हणून रस्त्याच्या किंवा व्हरांड्याच्या दिव्याखाली शेवंती ठेवू नये.

मोगऱ्याचे उलट आहे. त्याला डिसेंबरात पाणी तोडून थोडा ताण द्यावा, जानेवारीत फांद्या निम्म्यावर छाटून पाने काढावीत, आळे उकरून शेणखत भरावे आणि मग भरपूर पाणी सुरू करावे. मार्चपासून मेपर्यंत तो थांबत नाही. अबोलीला फारसे काहीच लागत नाही, फक्त तिच्या मुळाशी पाणी साचू देऊ नये.

स्वयंपाकघराच्या दाराशी

औषधी आणि सुगंधी वनस्पती स्वयंपाकघरापासून दहा पावलांच्या आत असाव्यात, कारण फोडणी तडतडत असताना कोणी परड्याच्या टोकाला कढीपत्ता आणायला जात नाही. कढीपत्त्याला दीड फूट खोल कुंडी आणि पूर्ण ऊन द्यावे. पाने एकेक ओरबाडण्यापेक्षा शेंड्याकडची डहाळी कापावी, म्हणजे खालून नवे फुटवे येतात. पुदिना बाजारच्या जुडीतल्या काड्यांपासूनच होतो. तो स्वतंत्र कुंडीत ठेवावा, नाहीतर वाफा त्याचाच होतो. गवती चहा उताराच्या कडेला लावला की माती धरून ठेवतो. पानओवा, ज्याला बाजारात कन्नड बायका दोड्डपत्रे म्हणतात, त्याला पावसाचे पाणी सोसत नाही, म्हणून चार महिने तो पडवीत आत घ्यावा. कन्नड नावे माहीत असलेली बरी, कारण रोपे विकणाऱ्या मावशींना अंबाडी म्हटल्यावर कळले नाही तरी पुंडी म्हटल्यावर लगेच कळते.

तुळशीच्या मंजिऱ्या वेळच्या वेळी खुडल्या तर झाड दीड-दोन वर्षे चांगले राहते. थंडीत तिची पाने गळाली म्हणून घाबरून जास्त पाणी घालू नये. मे महिन्यात जुन्या मंजिऱ्या चुरून नवी रोपे करून ठेवावीत, म्हणजे वृंदावन रिकामे राहत नाही.

मर, गोगलगायी आणि फळमाशी

टोमॅटो किंवा वांग्याचे हिरवेगार झाड दुपारी मान टाकते, संध्याकाळी सावरते आणि तीन दिवसांत उभेच मरते, तेव्हा आधी कारण ओळखावे. झाड जमिनीलगत कापून खोडाचा दोन इंचांचा तुकडा घ्यावा आणि काचेच्या ग्लासात स्वच्छ पाणी भरून तो तुकडा त्यात टोक बुडेल असा हातात धरावा. हात हलू देऊ नये. दोन-चार मिनिटांत कापलेल्या टोकातून दुधासारखा पांढरा धागा धुरासारखा खाली उतरू लागला, तर तो जिवाणूजन्य मर रोग आहे. त्यावर फवारणीचा उपयोग नाही. झाड मुळासकट काढून जाळावे, खुरपे धुऊन घ्यावे आणि त्या वाफ्यात पुढची काही वर्षे टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा यांपैकी काहीही न लावता मका, पालेभाज्या किंवा झेंडू घ्यावा. धागा निघाला नाही, तर बहुधा पाणी साचल्याने मुळे कुजलेली असतात आणि निचरा सुधारून बाकीची झाडे वाचवता येतात.

पावसाळ्यात गोगलगायी एका रात्रीत रोपांची ओळ फस्त करतात. संध्याकाळी वाफ्याच्या कडेला ओले गोणपाट पसरावे, पहाटे ते उलटून खाली जमलेल्या गोगलगायी चिमट्याने उचलाव्यात आणि मिठाच्या पाण्यात टाकाव्यात. आठ दिवस सलग केले तरच फरक पडतो. वाफ्यात थेट मीठ टाकणारे लोक मी पाहिले आहेत, त्याने गोगलगायीबरोबर मातीही मरते.

मावा, तुडतुडे आणि पांढऱ्या माशीसाठी एक लिटर पाण्यात पाच मिलिलिटर निंबोळी तेल आणि थोडा साबण घोटून, ऊन उतरल्यावर पानांच्या खालच्या बाजूला फवारावे. कारली आणि दोडक्यावरच्या फळमाशीला क्यू ल्यूरचा, म्हणजे नर माश्यांना ओढून घेणाऱ्या गंधाचा, सापळा लावावा किंवा फळ बोटभर असतानाच कागदाच्या पिशवीत बांधावे. निपाणी भागात तंबाखूचा काढा फवारण्याची पद्धत आहे, पण ती मी घरच्या बागेत मुळीच सुचवणार नाही. निकोटिन कातडीतूनही अंगात भिनते, आणि तंबाखूतला मोझॅक विषाणू टोमॅटो-मिरचीला लागतो. तंबाखू मळलेल्या हाताने टोमॅटोची रोपे हाताळू नयेत हेही त्याच कारणाने.

उन्हाळ्याचे पाणी आणि पुढच्या वर्षीचे बी

मार्चपासून वाऱ्याला कोरडेपणा येतो आणि नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा राहत नाही. बारा इंची कुंडीला या दिवसांत रोज साधारण एक ते दीड लिटर पाणी लागते, म्हणजे वीस कुंड्यांना दोन मोठ्या बादल्या. तांदूळ-डाळीचे आणि भाज्या धुतलेले पाणी वेगळ्या बादलीत धरले तर त्यातला बराच वाटा निघतो. वाफ्यांवर चार बोटे जाड उसाच्या पाचटाचे आच्छादन घालावे. चिकोडी-रायबागकडे ते शेतात जाळले जाते, मागितले तर कोणीही देतो. आच्छादनाखाली बोट घालून पाहावे, ओल लागत असेल तर त्या दिवशी पाणी देऊ नये. भेंडी, गवार, चवळी आणि लाल माठ या उन्हाळी भाज्या जेवढ्या पाण्यात निभतील तेवढ्याच लावाव्यात, बाकीचे वाफे झाकून ठेवावेत.

बी धरायचे असेल तर मांडवावरच्या सर्वांत चांगल्या दोडक्याला आधीच दोरा बांधून ठेवावा, नाहीतर घरातले कोणीतरी तो भाजीला तोडतेच. तो वेलावरच पूर्ण वाळू द्यावा. हलवल्यावर आत बिया खुळखुळल्या की टोक कापून बिया झाडून घ्याव्यात, दोन दिवस सावलीत पसराव्यात आणि चाळलेल्या राखेत घोळून बरणीत भराव्यात. संकरित वाणाचे बी मात्र धरू नये, त्याची पुढची पिढी आईबापांवर जात नाही. बरणीवर भाजीचे नाव आणि वर्ष लिहिलेली चिठ्ठी चिकटवावी. माझ्याकडे चिठ्ठी पडून गेलेल्या दोन बरण्या आहेत आणि त्यांत दुधी कोणता आणि भोपळा कोणता यावरून घरात अजून वाद आहे.